डॉक्टर, आमचा मुलगा एनएचएलपर्यंत पोचेल का?

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री साडेनऊला फोनवर लागोपाठ चार मेसेज आले. पाठवणारे गृहस्थ जुन्या ओळखीचे. त्यांच्या मुलाला मी जन्मापासून चार वर्षांचा होईपर्यंत तपासलं, लशी टोचल्या, त्याच्या कानदुखीच्या रात्री जागवल्या. मग मंडळी कॅनडात गेली आणि टोरांटोजवळ मिसिसागाला स्थिरावली. अधूनमधून फोन येतो. तिकडे डॉक्टर चांगले आहेत, पण गाठ पडायला वेळ लागतो आणि मराठीत तक्रार करण्याचं सुख काही वेगळंच.

मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. आइस हॉकी खेळतो. आपली मैदानावरची हॉकी नव्हे; बर्फाच्या रिंकवर, पायात स्केट्स घालून, चेंडूऐवजी रबरी चकती म्हणजे 'पक' टोलवत खेळतात ती. आणि तो साधासुधा नाही, 'ट्रिपल ए' म्हणजे तिथल्या वयोगटांच्या हॉकीतल्या सगळ्यात वरच्या पातळीवर खेळतो.

पहिल्या मेसेजमध्ये एका खाजगी अकादमीचा सहा पानी अहवाल होता. रंगीत आलेख, स्केटिंगचा वेग, फटक्याचा वेग, आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत, 'व्यावसायिक क्षमता: उच्च'. त्याच्या बरोबर खाली तीन वर्षांच्या निवासी प्रशिक्षणाची फी. दुसऱ्या मेसेजमध्ये थुंकी तपासून 'क्रीडा जनुकं' सांगणाऱ्या चाचणीची जाहिरात. तिसऱ्यात प्रश्न: मनगटाचा एक्स-रे काढून उंची किती होईल ते कळतं म्हणे, आणि कमी निघाली तर इंजेक्शन असतं म्हणे? चौथा मेसेज एका ओळीचा होता. 'नाशिकचा प्लॉट काढून टाकायचा विचार आहे. तुम्ही काय म्हणता?'

मी बालरोगतज्ज्ञ आहे, हॉकीतला नाही. पण हा प्रश्न हॉकीचा कमी आणि माझ्या धंद्याचा जास्त आहे. वाढत्या शरीराकडे बघून पुढचं सांगायचं, याला आम्ही 'प्रोग्नोसिस' म्हणतो. त्यात आम्ही किती वेळा तोंडघशी पडतो हे आम्हाला चांगलंच ठाऊक असतं, म्हणून आम्ही शक्यतो तोंड सांभाळून बोलतो. तेराव्या वर्षी 'क्षमता: उच्च' असं छापून देणाऱ्याला तो संकोच नसतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: या वयात व्यावसायिक भविष्य वर्तवणारा अहवाल वैद्यकीय कसोटीवर टिकत नाही, आणि तो निरुपद्रवीही नाही.

आधी थोडं गणित. घाबरू नका, सातवीचं आहे.

ऑन्टारियो प्रांतात १९७५ साली जन्मलेल्या हॉकीपटू मुलांचं पुढे काय झालं याचा माग जिम पार्सल्स नावाच्या गृहस्थांनी काढला होता. त्या एका वर्षाची जवळपास ३०,००० मुलं संघांतून खेळत होती. त्यातल्या ४८ जणांना एनएचएलच्या संघांनी ड्राफ्टमध्ये निवडलं, आणि एनएचएलचा निदान एक सामना खेळायला मिळाला तो ३२ जणांना. एक सामना! त्यावर घर चालत नाही. म्हणजे साधारण हजारात एक.

तुम्ही म्हणाल, आमचा मुलगा ट्रिपल एमध्ये आहे, त्याची तुलना गल्लीतल्या सगळ्या मुलांशी का करता? रास्त आहे. समजा त्या पातळीवर शंभरात एक पोचतो. हा आकडा मी फक्त उदाहरणासाठी धरतो आहे. आता कल्पना करा, एक अफलातून चाचणी निघाली. पोचणाऱ्या शंभर मुलांपैकी नव्वदांना ती ओळखते, आणि न पोचणाऱ्या शंभरांपैकी नव्वदांना 'नाही' असं बरोबर सांगते. अशा १०,००० मुलांवर ती लावली. खरोखर पोचणारी १००. त्यातली ९० चाचणीने पकडली. न पोचणारी ९,९००. त्यातल्या दहा टक्क्यांना, म्हणजे ९९० मुलांना, ती चुकून 'हो' म्हणाली. 'क्षमता: उच्च' असा कागद हातात पडलेली मुलं झाली १,०८०, त्यातली खरी ९०. बारांपैकी अकरा घरांत तो कागद खोटा.

आणि अशी नव्वद टक्के अचूक चाचणी अस्तित्वातच नाही. दुर्मिळ आजारासाठी सरसकट सगळ्यांची तपासणी करू नका असं आम्ही डॉक्टर का म्हणतो, त्याचं कारण हेच आहे. गोष्ट जितकी दुर्मिळ, तितका चांगल्या चाचणीचाही 'हो' पोकळ. फरक इतकाच की कॅन्सरचा खोटा 'हो' ऐकून माणूस दुसरीकडे खात्री करायला धावतो. पोराच्या हुशारीचा खोटा 'हो' ऐकून कोणी दुसरं मत घेत नाही. या गृहस्थांनी घेतलं, हे त्यांचं मोठेपण.

मग मी त्यांना एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर माझ्या जुन्या कार्डावर होतंच. जन्म नोव्हेंबरचा ना?

कॅनडात मुलांच्या हॉकीचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे एकाच वर्षी जानेवारीत जन्मलेला आणि नोव्हेंबरात जन्मलेला एकाच गटात. आठव्या-नवव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक म्हणजे काय असतो, ते तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं बघा. (आपल्याकडे एका पिढीची अर्धी माणसं कागदावर १ जूनला जन्मली आहेत. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावून टाकलेली तारीख. आपल्या वयोगटांच्या स्पर्धांचा अभ्यास करायला बसणाऱ्याचं मला वाईट वाटतं.) १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सली हे मानसशास्त्रज्ञ आल्बर्टातल्या लेथब्रिज इथे ज्युनियर हॉकीचा सामना बघायला गेले असताना त्यांच्या पत्नी पॉला कार्यक्रमपत्रिकेतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा वाचत बसल्या होत्या. बहुतेक सगळे जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचे. त्यातून १९८५ चा तो गाजलेला निबंध आला. निवड समितीला 'टॅलेंट' दिसत होतं, त्यातला बराच भाग कॅलेंडर होतं. थोरल्या मुलाला वरच्या संघात घेतात, त्याला चांगला प्रशिक्षक आणि बर्फावर जास्त वेळ मिळतो, आणि दोन-तीन वर्षांनी तो खरोखरच सरस होतो. चूक स्वतःला खरी करून दाखवते.

पण गोष्टीचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. २०१३ मध्ये रॉबर्ट डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते २००७ या काळात ड्राफ्ट झालेल्या कॅनेडियन खेळाडूंचा हिशेब मांडला. जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेले खेळाडू ड्राफ्टमध्ये फक्त ३४ टक्के होते. पण पुढे एनएचएलमध्ये खेळले गेलेल्या सामन्यांत त्यांचा वाटा ४२ टक्के आणि मिळवलेल्या गुणांत ४४ टक्के निघाला. म्हणजे ज्यांचा अभ्यास करायला पगारी माणसं ठेवलेली असतात, त्या अठरा वर्षांच्या मुलांबाबतही उशिरा जन्मलेल्यांना कमी लेखलं जात होतं.

हे ऐकून गृहस्थ खूश झाले. 'म्हणजे आमचा नोव्हेंबरचा, म्हणजे फायदाच की!' नाही हो. त्या ४४ टक्क्यांत ती मुलं आहेत जी मधल्या वर्षांत टिकून राहिली. कंटाळून, दमून, दुखापतीने, किंवा संघातून काढल्यामुळे जी बाहेर पडली त्यांची मोजदाद ड्राफ्टच्या यादीत नसते. जन्ममहिन्यावरून एका मुलाबद्दल काही सांगता येत नाही. सांगता येतं ते निवडणाऱ्यांच्या नजरेबद्दल.

आता उंचीकडे वळतो, कारण तिथे माझा स्वतःचा हात पोळला आहे.

साधारण वीस वर्षांपूर्वी एक बाई चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. वर्गात सगळ्यात बुटका, शाळेच्या कबड्डी संघात राखीव. मी वडिलांची उंची विचारली, आईकडे नजर टाकली आणि म्हणालो, 'घराण्याची ठेवण आहे, असाच राहील, काळजी करू नका.' दोन मिनिटांत मोकळा झालो. पाच वर्षांनी एक उंच तरुण दवाखान्यात आला. पोलीस भरतीसाठी वैद्यकीय दाखला हवा होता. भरतीला १६५ सेंटिमीटर लागतात. हा माझ्यापेक्षाही उंच होता. ओळख पटल्यावर हसत म्हणाला, 'तुम्ही म्हणालात म्हणून आईने कबड्डीतून काढलं होतं मला.' तो हसत होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मुलगा उशिरा वयात येणारा होता, एवढी साधी शंका मला यायला हवी होती.

मुलगे साधारण साडेतेरा-चौदाच्या सुमाराला सगळ्यात झपाट्याने वाढतात. त्या वर्षात नऊ-दहा सेंटिमीटर उंची सहज वाढते. पण हा सुमार फार सैल आहे. कोणाचा बाराव्या वर्षी येतो, कोणाचा सोळाव्या. त्यामुळे तेरा वर्षांची दोन मुलं शेजारी उभी केली तर एकाच्या ओठांवर मिसरूड आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही, असं दिसतं. डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून आम्ही 'हाडांचं वय' काढतो. एकाच जन्मवर्षाच्या मुलांत त्यात तीन-चार वर्षांचं अंतर सापडू शकतं. ताकदीची वाढ तर उंचीच्या झपाट्यानंतर काही महिन्यांनी येते. मध्ये एक काळ असा जातो की हातपाय लांब झालेत पण मेंदूला त्यांचा नवा हिशेब कळलेला नाही, आणि काल सफाईने खेळणारा मुलगा आज धडपडतो. त्याच आठवड्यात निवड चाचणी असली तर संपलं.

बर्फावर अंगाला अंग भिडतं तिथे लवकर वाढलेला मुलगा भिंतीसारखा वाटतो. तो गोल करतो, कारण त्याला कोणी हलवू शकत नाही. छोट्या मुलाला मात्र जगायचं तर पक लपवायला, आधी बघायला, वळायला शिकावं लागतं. सगळे सारखे झाल्यावर कोणाचं शिक्षण कामाला येईल? नेहमी छोट्याचंच येतं असं नाही, पण तेराव्या वर्षीचा गोलांचा आकडा हे सांगत नाही.

राहिला प्रश्न एक्स-रेचा आणि इंजेक्शनचा. आई-वडिलांच्या उंचीवरून मुलाच्या उंचीचा अंदाज तुम्हीही घरी काढू शकता: दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, मुलासाठी त्यात १३ मिळवा, दोनाने भागा. या घरात १७० आणि १५७, उत्तर १७०. पण दोन्ही बाजूंना आठ-साडेआठ सेंटिमीटरची सूट धरायची असते, म्हणजे १६२ ते १७८. एवढ्या मोठ्या फटीतून हत्ती जाईल. एनएचएलमधला सरासरी खेळाडू १८५ च्या आसपास असतो हे खरं. आणि मार्टिन सेंट लुईसची नोंद १७३ ची आहे. त्याला ड्राफ्टमध्ये कोणीही निवडलं नव्हतं, तरी २००४ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१८ मध्ये हॉकीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेला, हेही खरं.

वाढीचं संप्रेरक म्हणजे ग्रोथ हॉर्मोन. ते ज्या मुलांना खरोखर कमी असतं, किंवा काही ठरावीक आजार असतात, त्यांच्यासाठी ते वरदान आहे. निरोगी मुलाला खेळात पुढे जावं म्हणून ते देणं हे औषध नाही, आणि क्रीडास्पर्धांच्या उत्तेजकविरोधी नियमांत ते बंदी असलेल्या यादीत आहे. या विषयावर मी एवढंच बोललो आणि गृहस्थांनीही पुन्हा विचारलं नाही.

थुंकीच्या चाचणीवर तर त्याहून कमी. २०१५ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की मुलांमधली क्रीडाप्रतिभा ओळखण्यासाठी अशा जनुकीय चाचण्यांचा काही उपयोग नाही. पैसे वाचवा, नवे स्केट्स घ्या. त्याचे लहान होतच असतील.

'पण मग एनएचएलवाले निवडतात कसे?' हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि चांगला प्रश्न.

ते थांबतात. एनएचएलचा ड्राफ्ट अठरा वर्षांच्या मुलांचा असतो, १५ सप्टेंबरला अठरा पूर्ण हवीत. (ऑस्टन मॅथ्यूजचा वाढदिवस १७ सप्टेंबर, दोन दिवसांनी हुकलं म्हणून वर्षभर थांबला आणि २०१६ मध्ये पहिला निवडला गेला.) तोवर वाढीचा गोंधळ बराचसा निवळलेला असतो. स्काउट मंडळी एकेका मुलाला दोन-दोन हंगाम बघतात. आकडेवाले लोक कनिष्ठ लीगमधल्या गुणांचं एनएचएलच्या गुणांत रूपांतर करतात. ऑन्टारियोच्या ज्युनियर लीगमधला एक गुण एनएचएलमध्ये साधारण ०.३ च्या मोलाचा धरला जातो, आपल्याकडे मंडईत कच्च्या मालाची घट धरतात तसं. त्यात वय बघायचं, सोबत कोण खेळत होतं ते बघायचं. मग शारीरिक चाचण्या: सायकलवर दमसास, उड्या, मुठीची पकड.

एवढं करूनही काय होतं बघा. २०१४ च्या चाचण्यांत सॅम बेनेट या मुलाला एकही पुल-अप काढता आला नाही. त्याची केवढी चेष्टा झाली. त्याच शरद ऋतूत त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. माझ्यासारख्याला यात नवल वाटत नाही. चाचणीत 'कमजोरी' दिसते तेव्हा आधी 'दुखतंय का?' विचारायचं असतं. २०२५ मध्ये स्टॅनले कपच्या बाद फेऱ्यांचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. उलट २०१२ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला नाइल याकुपोव्ह एनएचएलमध्ये ३५० सामने खेळून परत रशियाला गेला. आणि पावेल दात्स्युक १९९८ मध्ये १७१ वा, हेन्रिक लुंडक्विस्ट २००० मध्ये २०५ वा निवडला गेला. दोघेही त्यांच्या पिढीतले मोठे खेळाडू. ड्राफ्ट म्हणजे निव्वळ लॉटरी असं मी म्हणत नाही. पहिल्या फेरीतली बहुतेक मुलं काही ना काही खेळतात, शेवटच्या फेऱ्यांतल्या बहुतेकांना एकही सामना मिळत नाही. नजर काम करते. पण ती अठराव्या वर्षी, इतक्या साधनांनिशी, एवढं चुकते.

पंधराव्या वर्षी ती किती चुकेल? ऑन्टारियोच्या लीगमध्ये एखाद्या विलक्षण मुलाला वर्षभर आधी प्रवेश देण्याची सोय आहे. २००५ मध्ये जॉन टावारेसला ती मिळाली, २०१२ मध्ये कॉनर मॅकडेव्हिडला. दोघेही पुढे ड्राफ्टमध्ये पहिले आले. २०१३ मध्ये शॉन डे नावाच्या मुलालाही मिळाली. तो ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत निवडला गेला आणि एनएचएलमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने खेळला. अख्ख्या प्रांतातून वेचलेल्या, डोळ्यांत भरणाऱ्या मुलांबाबत हे. आणि आमची अकादमी तेराव्या वर्षी 'उच्च' म्हणते आहे.

इथपर्यंत बोलणं गमतीगमतीत चाललं होतं. आम्ही व्हिडिओ कॉलवर आलो होतो, मुलाची आईही येऊन बसली होती, मागे धाकटी, दहा वर्षांची, सोफ्यावर उड्या मारत होती. मी सवयीने विचारलं, बाकी तब्येत? गुडघ्याखाली दुखतं, आई म्हणाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ आलंय. वाढीच्या वयात खेळणाऱ्या मुलांत हे नेहमीचं आहे, ऑसगुड-श्लाटर म्हणतात त्याला; विश्रांती, मांडीच्या स्नायूंना ताण देणारे व्यायाम, आणि वाढ पुरी झाली की बहुतेकदा आपोआप जातं. हंगाम आटोपल्यावर उन्हाळ्यात तरी थांबतो ना, असं विचारलं तर कळलं की वर्षाचे बारा महिने, आठवड्याचे सहा दिवस खेळ चालू आहे.

आणि तेवढ्यात धाकटी मागून म्हणाली, 'अँड दादाचं डोकं पण दुखत होतं, पण त्याने सांगू नको म्हटलं.'

सगळे गप्प झाले.

हळूहळू बाहेर आलं ते असं. वयोगट वाढल्यामुळे यंदापासून त्यांच्या सामन्यांत अंगावर धडकून अडवायला, म्हणजे बॉडी चेकिंगला, परवानगी आहे. अकादमीच्या मूल्यमापनाच्या तीन दिवस आधी एका दांडग्या मुलाने याला कडेच्या फळीवर आपटलं. दोन दिवस डोकं ठणकत होतं, दिवे सहन होत नव्हते, एकदा उलटी झाली. त्याने ती शाळेच्या डब्यावर ढकलली. मूल्यमापन चुकवायचं नव्हतं, कारण बाबांनी सुट्टी काढली होती आणि फी भरली होती. तो डोकं दुखत असताना त्या चाचण्या देऊन आला, आणि त्याच चाचण्यांचा तो रंगीत अहवाल माझ्या फोनमध्ये होता.

हे कन्कशन होतं, मेंदूला बसलेला हिसका. ते व्हायला डोकं फुटावं लागत नाही, शुद्धही हरपावी लागत नाही. साध्या स्कॅनमध्ये बहुतेकदा काही दिसत नाही. मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला तर मुलांमध्ये क्वचित जीवघेणी सूज येते. ऑटवाची रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची रग्बी खेळणारी मुलगी २०१३ मध्ये अशीच गेली; थोड्याच दिवसांत लागोपाठ डोक्याला मार बसला होता आणि ती खेळत राहिली होती. तिच्या नावाने ऑन्टारियोत २०१८ मध्ये कायदा झाला. कन्कशनची शंका आली तरी खेळाडूला लगेच बाहेर काढायचं आणि पायरीपायरीने, डॉक्टरांच्या परवानगीनंतरच परत घ्यायचं. या कुटुंबाने दर हंगामाच्या सुरुवातीला त्याच्या माहितीपत्रकावर सहीसुद्धा केली होती. वडील सही केल्याचं आठवून खाली बघत राहिले.

बॉडी चेकिंगचा धोका कल्पनेतला नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलांत आल्बर्टात त्याला परवानगी होती तेव्हा आणि क्वेबेकमध्ये नव्हती तेव्हा दोन्हीकडची तुलना झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात परवानगी असलेल्या ठिकाणी कन्कशनचं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं. २०१३ पासून हॉकी कॅनडाने त्या वयोगटात देशभर ते बंद केलं. तेराव्या-चौदाव्या वर्षी मात्र ते सुरू होतं, नेमकं तेव्हाच, जेव्हा एका मुलाचं शरीर पुरुषाचं आणि दुसऱ्याचं अजून पोराचं असतं.

वाचकहो, भाकीत निरुपद्रवी नाही असं मी वर म्हणालो ते यासाठी. 'क्षमता' हा शब्द एकदा घरात शिरला की मूल दुखणं लपवायला लागतं. त्याला कोणी लपव म्हटलेलं नसतं. या घरातले आई-वडील प्रेमळ आहेत, पहाटे साडेपाचच्या सरावाला उणे पंधरा तापमानात गाडी काढणारे आहेत. पण प्लॉटची चर्चा मुलाच्या कानावर गेली होती. नाशिकचा प्लॉट म्हणजे आजोबांचा प्लॉट हे त्याला माहीत होतं. तेरा वर्षांच्या डोक्यावर एवढं ओझं असताना ते डोकं दुखतंय म्हणून कसं सांगेल?

मी काय सांगितलं ते लिहितो. तुमच्या घरात रॅकेट असो, बॅट असो, बरंचसं लागू पडेल. आधी तिथल्या डॉक्टरांना दाखवा, ते म्हणेपर्यंत बर्फ बंद. डोकेदुखी, झोप, शाळेतलं लक्ष याची रोज नोंद ठेवा. मग वर्षाचं वेळापत्रक फाडून टाका. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं आहे की एकाच खेळात झोकून देणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी असावी, आणि वर्षात एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यांत का होईना, त्या खेळापासून दूर राहावं. उन्हाळ्यात तो फुटबॉल खेळो, पोहो, मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवो. मॅकडेव्हिड होणारा असेल तर ढोलाने अडणार नाही.

पैशाबद्दल मी साधा नियम सांगितला. 'हा मुलगा एनएचएलमध्ये नक्की जाणार नाही' असं तुम्हाला आज खात्रीने कळलं, तरीही केवळ त्याला आवडतं म्हणून जेवढा खर्च तुम्ही आनंदाने कराल, तेवढाच करा. त्याच्यावरचा प्रत्येक डॉलर भाकितावर लावलेला आहे. या नियमाने ट्रिपल एची फी बसते, त्यांनी स्वतःच हिशेब केला. निवासी अकादमी बसत नाही. प्लॉट तर नाहीच.

वडील म्हणाले, 'पण डॉक्टर, नाही म्हणून त्याची संधी गेली तर?' या भीतीला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, आणि मी ते दिल्याचा आवही आणला नाही. जाऊ शकते. पण तेराव्या वर्षी घरी राहून, शाळेत शिकून, चांगल्या संघात खेळणाऱ्या मुलाची वाट बंद होत नाही. आता तर कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकेच्या विद्यापीठांतूनही खेळता येतं. तो नियम २०२५ च्या हंगामापासून बदलला आहे. वाटा वाढल्यात. फुटलेल्या गुडघ्याने आणि दोनदा हिसकलेल्या मेंदूने त्या चालता येत नाहीत.

एक गोष्ट मला त्या रात्री फोन ठेवल्यावर लक्षात आली. धाकटीही हॉकी खेळते. तिचा जन्म फेब्रुवारीचा. मुलींची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली, टोरांटोचा संघही त्यात आहे. तिच्या क्षमतेबद्दल चार मेसेजमध्ये एक अक्षर नव्हतं. तिच्यासाठी ते बरंच आहे, असं मला अजूनही वाटतं, पण का नव्हतं याचा विचार तिच्या आई-वडिलांनी करावा.

परवा मुलाचा स्वतःचा फोन आला. तिथल्या डॉक्टरांनी तीन आठवडे थांबवलं होतं, आता हळूहळू स्केटिंग सुरू झालंय, धडकाधडकी अजून नाही. मराठी त्याची मोडकी आहे पण गोड आहे. म्हणाला, 'डॉक्टरकाका, एक विचारू? मी रोज डोक्याचं लिहितो ना, त्यात झीरो लिहिलं तर तुम्ही बिलीव्ह करता का?' मी म्हटलं, करतो. मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, 'ओके. मग काल टू होतं. झीरो नव्हतं.'

मी त्याला आईला बोलवायला सांगितलं.